चिपीचे विमान आणि त्याचा हिशेब



देवगडात विमानतळाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो, “मुंबईचे विमान टिकले का नाही?” प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र आपण ‘राजकारण’ या एका शब्दात देऊन मोकळे होतो. माझे आयुष्य कामगारांची पगारपत्रके वाचण्यात गेले. कारखाना का बंद पडला हे सभेतल्या भाषणांवरून कळत नाही, वहीवरून कळते. म्हणून आज वहीच उघडू.

आधी जागा. आपल्या मुलखात सपाट जमीन दोनच ठिकाणी सापडते: खाली भातखाचरात, नाहीतर वर कातळाच्या सड्यावर. खाचरात विमानतळ बांधणे म्हणजे पोटावर पाय. त्यामुळे वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपीचा सडा निवडला गेला. तेथे अडीच हजार मीटरची धावपट्टी झाली आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईहून अलायन्स एअरचे ए. टी. आर. विमान येऊ लागले. सत्तर आसनांचे, पंख्याचे. त्याला दीड किलोमीटरच्या आतली धावपट्टीही पुरते. सिमल्याचे उलट आहे. तेथला विमानतळ डोंगरमाथा कापून केलेला, धावपट्टी तोकडी. २०१७ मध्ये दिल्लीची सेवा सुरू झाली तेव्हा तेथून उडताना आसने रिकामी ठेवावी लागत. म्हणजे डोंगराने जे सिमल्याला नाकारले ते सड्याने आपल्याला भरपूर दिले. अडले ते दुसरीकडेच.

‘उडान’ योजनेचा व्यवहार असा. कंपनीने ठराविक आसने ठरलेल्या कमाल भाड्यात विकायची. त्यामुळे येणारी तूट सरकारी निधीतून भरून मिळते. या निधीसाठी मोठ्या मार्गांवरील विमानांकडून पट्टी घेतली जाते, आणि राज्यालाही आपला वाटा द्यावा लागतो. सोप्या भाषेत, मुंबई-दिल्लीचा उतारू आपल्या तिकिटाला हातभार लावतो. युनियनच्या वर्गणीत वाढलेल्या माणसाला ही कल्पना आवडल्यावाचून राहत नाही! पण तिला मुदत आहे: तीन वर्षे. तेवढ्या काळात मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही अपेक्षा. चिपीची तीन वर्षे ऑक्टोबर २०२४ मध्ये भरली आणि त्याच महिन्यात अलायन्स एअरची मुंबई फेरी थांबली. त्या वर्षी फ्लाय ९१ या नव्या कंपनीने दुसऱ्या शहरांच्या फेऱ्या सुरू केल्या होत्या, हे खरे. पण आपला चाकरमानी असतो परळ-लालबागेत, डोंबिवलीत, विरारला. त्याला हैदराबादेचे विमान काय कामाचे?

या तीन वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. सावंतवाडीच्या पलीकडे, पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ उभा राहिला. ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने सुरू झाली. तेथे कंपन्या अनेक, वेळा अनेक. बांदा-सावंतवाडीचा माणूस तिकडे वळला तर त्याला दोष कसा द्यावा?

आता खर्चाकडे पाहा. दिवसात विमान एक येवो वा दहा, अग्निशमनाचा बंब आणि त्याची माणसे सज्ज हवीतच. ती नसतील तर विमान उतरवता येत नाही. मनोऱ्यातला नियंत्रक, सामान तपासणारे, पहारेकरी, झाडूवाला, सारे तसेच. एका फेरीवर हा भार पडला की फेरी महाग होते, आणि फेऱ्या वाढल्याशिवाय भार वाटला जात नाही. फेरी बंद पडली की झळ प्रथम लागते ती कंत्राटी हमालाला आणि कर्ज काढून गाडी घेतलेल्या टॅक्सीवाल्याला.

आंब्याचेही बोलले पाहिजे, नाहीतर देवगडात मला कोणी उतरू देणार नाही. ए. टी. आर. मध्ये सत्तर उतारू सामानासह बसले की टनभर वजनही उरत नाही. वीस किलोची पेटी धरली तर पन्नास पेट्यासुद्धा नाहीत! एक ट्रक याच्या कितीतरी पट नेतो. तेव्हा या विमानावर हापूसचा बाजार उभा राहील, असे कोणी सांगितल्यास त्याला पेट्या मोजायला लावा.

मग विमान हवे कशाला? मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तातडीने न्यावयाच्या, पण बसून प्रवास करू शकणाऱ्या रोग्यासाठी. दोन दिवसांची रजा घेऊन आईला भेटायला येणाऱ्या मुलासाठी. हे उतारू बारा महिने असतात, पण विमान भरण्याइतके नसतात. गणपतीत भरलेले विमान आषाढात रिकामे जाणारच. एस. टी.ची वस्तीची गाडी तरी कुठे रोज भरून जाते? तिची तूट भरल्या मार्गांनी सोसावी, हे आपण इतकी वर्षे मान्य केले आहे.

तेव्हा मागणी नेमकी असावी. मुंबई फेरीची तूट राज्याने किती वर्षे भरावयाची, हा आकडा लेखी मागा. मुंबईची फेरी सकाळी कितीला, हे वेळापत्रक हंगामापूर्वी मागा. आणि देवगडहून आचरा-मालवणमार्गे चिपीला जाणारी एक एस. टी. त्या वेळेला जोडून मागा. टॅक्सीचे भाडे तिकिटाच्या बरोबरीला येऊ लागले तर आपल्या तालुक्यातून तिकडे जाणार कोण?