लेकरांसह दहा तासांचा विमानप्रवास

पूर्वी आमच्या वस्तीतले कोणी दूरच्या गावी निघाले, की एस.टी. स्थानकापर्यंत सोडायला निम्मी चाळ जात असे. आता वस्तीतली पोरे-पोरी शिकली, कोणी परिचारिका झाल्या, कोणी अभियंते झाले आणि विमानतळापर्यंत सोडायला जाण्याचे दिवस आले. ही निश्चितच आनंदाची गोष्ट आहे. परंतु बहुतेक घरांत नवरा आधी जातो, नोकरीत स्थिर होतो आणि बायको वर्षभराने दोन लहान लेकरांना घेऊन निघते. तिला चार गोष्टी सांगायला घरात अनुभवी माणूस नसते. आई विमानात बसलेली नसते, सासूही नसते. मग शेजारपाजारचे ऐकून ती तयारी करते. त्या ऐकीव सल्ल्यांपैकी एखादा लेकराच्या जिवावर बेतणारा असतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या हिवाळ्यात आमची भाची लंडनला निघाली. भाचेजावई तिथल्या एका इस्पितळात परिचारक आहेत. थोरली मुलगी चार वर्षांची, धाकटा चौदा महिन्यांचा. "मामा-मामी सोबत आले तर बरे होईल," असा जावयांचा निरोप आला, पाठोपाठ तिकिटेही आली. आम्ही उभयतांनी रजा टाकली. आमचाही तो पहिलाच परदेशप्रवास!

आधी कागद

कारकुनी करण्यात उभा जन्म गेलेला, त्यामुळे कागदाशिवाय पान हलत नाही हे आम्हांला पक्के ठाऊक. बाळ मांडीवर बसणार असले तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांची असते. २०२५ साली बदललेल्या नियमानुसार, १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. आपल्याकडे होते काय, की इस्पितळातून जन्माची नोंद होते, पण बाळाचे नाव दाखल्यावर चढवून घेणे राहून जाते. बारशानंतर ते काम आधी करावे. पासपोर्टच्या अर्जाला आई आणि वडील दोघांची संमती लागते. वडील परदेशी असतील तर त्यात वेळ जातो, म्हणून काही महिने हाताशी ठेवावेत.

दोन वर्षांखालील मूल मांडीवर घेतले तर आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचे भाडे बहुधा मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे पडते. दोन वर्षे पूर्ण झाली की वेगळी जागा घ्यावी लागते. परतीच्या तारखेला मूल दोन वर्षांचे झालेले असेल काय, हेही तिकीट काढतानाच पाहावे.

आमच्या दोन चुका

लांबच्या विमानात काही रांगांच्या पुढे भिंत असते. त्या भिंतीला बाळाचा लहानसा पाळणा अडकवता येतो. असे पाळणे मोजकेच असतात, बाळाच्या वजनाचीही मर्यादा असते आणि मागणी आगाऊ नोंदवावी लागते. आमच्या तिकीटवाल्याने फोनवर सांगितले, "मिळेल हो, काळजी करू नका." कचेरीत प्रत्येक टिपणावर 'लेखी कळवावे' असा शेरा मारणारे आम्ही, नेमके इथे तोंडी शब्दावर विसंबलो. विमानतळावर कळले की आमच्या नावे कसलीच नोंद नाही. दहा तास लेकरू मांडीवर!

दुसरी चूक सर्वस्वी आमचीच. मुलांचे सगळे कपडे आम्ही घड्या घालून मोठ्या बॅगेत भरले आणि ती बॅग विमानाच्या पोटात गेली. उड्डाणानंतर तासाभरात थोरलीला उलटी झाली. बदलायला एक झबले हाताशी नाही! शेवटी ती पोर लंडनला उतरली ती आमचा स्वेटर गुडघ्यापर्यंत घालून. म्हणून प्रत्येक मुलाचे दोन जोड, आईचा एक सदरा, दर दोन तासांना एक या हिशेबाने लंगोट आणि वर चार जादा, ओल्या कपड्यांसाठी पिशव्या, हे सारे हातातल्या पिशवीतच ठेवावे.

हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला द्रव पदार्थ नेता येत नाही. परंतु बाळाचे दूध, पाणी आणि पेज यांना प्रवासापुरती सवलत आहे. तपासणीच्या वेळी ते बाहेर काढून न विचारता दाखवावे. पुष्कळ बायका भीतीने दूध आधीच फेकून देतात. तसे करू नये.

विमान वर चढताना आणि उतरताना बाळाला मांडीवर घेऊन मोठ्यांच्या पट्ट्यात दोघांना एकत्र बांधू नये. झटका बसला तर आईच्या अंगाचा सगळा भार लेकरावर येतो. बाळासाठी वेगळा छोटा पट्टा असतो. हवाई सुंदरीने आणून दिला नाही तर मागून घ्यावा.

ती बाटली

आता मुख्य गोष्ट. प्रवासाचा पाचवा तास असेल. दिवे मंद झाले होते, माणसे झोपली होती. धाकटा जागा झाला आणि त्याने भोकाड पसरले. दूध घेईना, खेळणे घेईना. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिले आणि तिसऱ्यांदा इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळायला शब्द कशाला लागतात? भाचीचे डोळे भरून आले. "मामी, उगीच निघाले मी," असे म्हणत तिने पर्समधून एक लहानशी बाटली काढली. खोकल्याचे औषध! शेजारच्या काकूंनी निघताना गुपचूप हातात ठेवले होते. दोन चमचे पाजले की पोर सहा तास हूं की चूं करणार नाही, असे त्यांनी सांगितले होते.

आमच्या सहचारिणीने तिचा हात धरला. "त्याला खोकला आहे का? मग औषध कशाला?" एवढेच ती म्हणाली.

वाचकहो, सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांनी गुंगी येते, ती अंगाईने येणारी झोप नव्हे. लहान मुलांत अशा औषधाने श्वास मंदावू शकतो. काही मुले उलट अधिकच चिडचिडी होतात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी असलेली औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा इशारा केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ साली दिला. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या भेसळयुक्त औषधाने लहान लेकरे दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत. हे धोके तर जमिनीवर, जिथे दवाखाना गाठता येतो. तीस-पस्तीस हजार फुटांवर बाळाचा श्वास अडखळला, तर आपण कोणाचे दार ठोठावणार?

बाटली उघडली गेली नाही. मामी धाकट्याला खांद्यावर घेऊन विमानाच्या मागच्या टोकाला, स्वयंपाकाच्या जागेपाशी गेली. तिथे उभी राहून तिने त्याला थोपटले, येरझारा घातल्या. हवाई सुंदरीने कोमट पाणी दिले. शेजारून जाणाऱ्या एका वृद्ध बाईंनी बाळाच्या पाठीवरून हात फिरवला आणि हिंदीत म्हणाल्या, "रोने दो, बच्चा है." पाऊण तासाने धाकटा झोपला. पुढच्या रांगेतले गृहस्थ तर त्याच्या आधीच घोरू लागले होते!

आम्ही पुढे बराच वेळ विचार करीत बसलो. भाचीला बाटली काढायला कोणी लावली? काकूंनी नव्हे, त्या गृहस्थांनीही नव्हे. लाजेने लावली. आपली माणसे चार लोकांत आधीच अंग चोरून बसतात. आपल्यामुळे कोणाला त्रास होतो आहे असे वाटले, की आपण अपराध्यासारखे होतो. पण रडणे हा बाळाचा गुन्हा नव्हे, आणि आईचा तर नव्हेच. तिनेही तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. शेजाऱ्याला नम्रपणे "माफ करा, लहान आहे" म्हणावे आणि मान ताठ ठेवून लेकराकडे लक्ष द्यावे. पाणी मागावे, मदत मागावी. मागण्यात कमीपणा कसला?

उतरताना कान

विमानाच्या आत हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखराहूनही उंच बसलेलो असतो. उतरताना हा दाब वाढत जातो. लहान मुलांची कान आणि घसा जोडणारी नळी अरुंद असते, त्यामुळे त्यांचे कान दुखतात. गिळले की ती नळी उघडते. म्हणून उतरण्याच्या अर्धा तास आधी बाळाला जागे करून अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. मोठ्या मुलाला घोट घोट पाणी द्यावे. शेंगदाणे किंवा कडक गोळ्या देऊ नयेत, त्या घशात अडकतात. कान फुटलेला असेल किंवा ताप असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. आतील हवा फार कोरडी असते, म्हणून मुलांना आणि पाजणाऱ्या आईलाही वरचेवर पाणी हवे.

हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. पहिले काही दिवस दोन्ही पोरे पहाटे तीनला उठून खेळायला मागत. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ! दिवसा उजेडात फिरवले, रात्री अंधार ठेवला, की आठवड्याभरात गाडी रुळावर येते.

ती बाटली मामीने परत आणली. सील तसेच होते. एका संध्याकाळी ती काकूंकडे घेऊन गेली आणि भांडण न करता सगळे समजावून सांगितले. काकू बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला तरी कोणी सांगितले होते गं? मीही माझ्या पोरांना तेच पाजून कामावर जात होते."

त्यांचे खरे आहे. त्यांना कोणी सांगितले नव्हते. म्हणून ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी रविवारी विहारात, नळावर, लग्नाच्या मांडवात, जिथे चार आयाबाया भेटतील तिथे हे सांगावे. पुढच्या महिन्यात आमच्याच गल्लीतली आणखी एक सून दोन लेकरांना घेऊन निघते आहे. तिची बॅग भरायला काकू स्वतः जाणार आहेत.