मुलाच्या बाजूचा माणूस

"त्या पोराला कोणी वाली नाही," असं आपण म्हणतो. आई-वडील नसले तर काका, मामा, आजी, निदान शेजारीपाजारी तरी पुढे येतील, ही आपली समजूत. पण घरातच धोका आहे म्हणून सरकारने मुलाला ताब्यात घेतलं तर? मग सरकारच त्याचं पालक होतं. आणि तक्रार त्या पालकाविरुद्धच असेल, तर मुलाने जायचं कुणाकडे?

ह्या प्रश्नाची न्यूझीलंडने जबर किंमत मोजली आहे. २०१८ साली नेमलेल्या शाही चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१९ ह्या काळात सुमारे ६ लाख ५५ हजार जण सरकारी व धार्मिक संस्थांच्या देखभालीत होते आणि त्यांपैकी २ लाखांपर्यंत व्यक्तींवर अत्याचार झाले असावेत, असा आयोगाचा अंदाज आहे. त्यात माओरी मुलं फार मोठ्या संख्येने होती. मुलं बोलली नव्हती असं नाही. पण ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याकडेच ती करायची. विश्वास कोण ठेवणार? पळून गेलेल्यांना पोलीस पुन्हा तिथेच आणून सोडत. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी पंतप्रधान ख्रिस्तोफर लक्सन ह्यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली.

सुधारणा मात्र त्याआधीच सुरू झाल्या होत्या. १९८९ च्या कायद्याने 'फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स' आली. आपल्या गावाकडच्या भावकीच्या बैठकीसारखाच हा प्रकार! नातेवाईक एकत्र बसतात, अधिकाऱ्यांना बाहेर ठेवून आपसांत बोलतात आणि मुलासाठी योजना सुचवतात. त्याच कायद्याने चिल्ड्रन्स कमिशनर हे पद निर्माण झालं. फॅमिली कोर्टात मुलाला स्वतःचा वकील मिळतो.

पण वकील कोर्टाच्या कामापुरता. रोजचे प्रश्न वेगळेच असतात. धाकट्या बहिणीला दुसऱ्या घरी ठेवलंय, तिला भेटायचंय. शाळा पुन्हा बदलणार का? माझ्याविषयीच्या मीटिंगला मला का बोलावत नाहीत? अशा वेळी मुलाच्या बाजूने उभं राहण्यासाठी २०१७ साली 'व्हॉइस – फाकारोंगो माई' ही संस्था निघाली. देखभालीत वाढलेल्या तरुणांचा तिच्या उभारणीत हात होता. मुलांची जबाबदारी सांभाळणाऱ्या 'ओरांगा तामारिकी' ह्या सरकारी खात्यापासून ती स्वतंत्र आहे. तिचा कार्यकर्ता मुलाचं म्हणणं मुलाच्याच शब्दांत मोठ्यांपुढे मांडतो. 'फाकारोंगो माई' म्हणजे 'माझं ऐका'. "मोठ्यांचं ऐकावं" असं मुलांना शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नाव थोडं टोचेल, पण टोचलेलं बरं!

जुलै २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार देखभालीतल्या मुलाला त्याचे हक्क समजतील अशा भाषेत सांगावे लागतात. त्याच्या गरजा ठरवताना त्याची ओळख, संस्कृती, घरच्यांशी संबंध हेही पाहावं लागतं. म्हणजे भाषा, सणवार, जेवणखाण हे 'लाड' नव्हेत. २१ वर्षांपर्यंत सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे राहण्याची किंवा परत येण्याची सोय आहे. सल्ला-मदत २५ पर्यंत मिळू शकते.

अठरा पूर्ण झाली की पुढे काय, हा प्रश्न महाराष्ट्रालाही चुकलेला नाही. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे ह्या तरुणीने पाठपुरावा केला, आणि २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अनाथांसाठी शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण ठेवलं. म्हणजे तिथेही, ज्याने भोगलं त्याने तोंड उघडलं तेव्हाच दार उघडलं.

"हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं, आपला काय संबंध?" असं कुणी म्हणेल. मंडळी, संकट आडनाव विचारून येत नाही. घरातली मारहाण, दारू, मानसिक आजार आपल्यातही आहेत. फक्त "लोक काय म्हणतील" ह्या भीतीने दार बंद असतं. आणि इथे मावशी-आत्याचं घर हाकेच्या अंतरावर नसतं. तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कुणा ओळखीच्या कुटुंबावर अशी वेळ आली, तर कुजबुज न करता त्यांच्याबरोबर जावं. दुभाषा मागता येतो, आणि दूरच्या नातेवाइकांचंही मत कॉन्फरन्समध्ये मांडता येतं. दुसरं, आपल्यापैकी काहींनी देखभाल करणारं कुटुंब म्हणून नाव नोंदवावं. पोलीस पडताळणी आणि घराची तपासणी होते, त्याला वेळ लागतो; पण एखाद्या घाबरलेल्या मुलाला रात्री वरण-भात आणि ओळखीची भाषा मिळेल. तिसरं, आपल्या मुलांना आजच सांगून ठेवावं की घरातल्या माणसाविरुद्धही तक्रार करता येते, आणि ती ऐकून घेणारं कुणीतरी आहे. हे सांगितल्याने घराची अब्रू जात नाही.