चालकाविना मोटार आणि सायकलस्वार

माझी मुलगी नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्को येथे असते व रोज सायकलने कामावर जाते. माझे सारे आयुष्य इंदूरमध्ये अपघातग्रस्तांची मोडलेली हाडे जुळविण्यात गेले. त्यामुळे दोन चाकांवर बसलेले आपले माणूस दिसले की मला प्रथम त्याची मांडी व नडगी दिसते, हा व्यवसायाचा दोष म्हणावा. २०२५ साली आम्ही उभयता तिच्याकडे गेलो, तेव्हा ह्या काळजीत नवी भर पडली. तेथे वेमो कंपनीच्या टॅक्स्या चालकाविना सर्रास धावतात. सुकाणू आपोआप फिरते आणि चालकाच्या जागी कोणीच नसते. अशा गाडीपुढे माझी मुलगी सायकल चालविते, तेव्हा तिने त्या गाडीवर विश्वास ठेवावा काय?

ह्या प्रश्नाचा विचार करताना २०१८ सालचे एक प्रकरण डॉक्टरांनी अवश्य अभ्यासावे. १८ मार्चच्या रात्री ॲरिझोना राज्यातील टेंपी गावी एक ४९ वर्षांची स्त्री सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीच्या चाचणीतील स्वयंचलित गाडीने तिला धडक दिली व ती दगावली. स्वयंचलित गाडीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिली घटना. गाडीला ती दिसलीच नाही, असा आपला समज होईल. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये काढलेला निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच रडारने तिची नोंद घेतली होती. अंतर होते सुमारे शंभर मीटर, म्हणजे गाडी थांबविण्यास पुरून उरेल इतके.

मग घडले काय? संगणकाने तिला प्रथम ‘वाहन’ ठरविले, नंतर ‘अन्य वस्तू’, पुन्हा वाहन, मग ‘सायकल’. निदान बदलणे हा गुन्हा नव्हे, आपणही बदलतो. पण ह्या यंत्रणेत निदान बदलले की त्या वस्तूच्या आधीच्या हालचालींची नोंद विचारातून वगळली जाई. प्रत्येक राउंडला नवे निदान करावे आणि जुना केस पेपर फाडून टाकावा, असा हा प्रकार! त्यामुळे ती स्त्री सातत्याने रस्ता ओलांडत आपल्या मार्गात येत आहे, हे साधे अनुमान यंत्रास वेळेत काढता आले नाही. शिवाय झेब्रा पट्टे नसलेल्या ठिकाणी माणूस रस्ता ओलांडील, ही शक्यताच त्या प्रणालीत गृहीत धरली नव्हती.

दुसरी बाब आपल्या अतिदक्षता विभागात काम केलेल्यांना तत्काळ उमगेल. खोट्या इशाऱ्यांमुळे गाडी वारंवार ब्रेक मारू नये म्हणून धोका जाणवल्यावर एक सेकंद थांबून मगच कृती करण्याची योजना होती. १.२ सेकंद उरले असताना धोका कळला आणि त्यातला एक सेकंद ह्या थांबण्यात गेला. मूळ मोटारीतील स्वतःची आपत्कालीन ब्रेकची सोयही चाचणीच्या वेळी बंद ठेवली जाई. गाडीत देखरेखीस माणूस होता, पण त्याची नजर मोबाइलवर होती. ही नजर हाच मंडळाने अपघाताचा प्रमुख कारणदोष मानला. कंपनीच्या ढिसाळ सुरक्षा-व्यवस्थेचाही त्यात वाटा असल्याचे नमूद केले. मॉनिटरचा कर्कश आवाज बंद करून ठेवणाऱ्या रात्रपाळीची आठवण मला झाली.

सायकलस्वार यंत्राला इतका अवघड का जातो? तो कधी मोटारीसारखा चालतो, कधी पादचाऱ्यासारखा. २०१५ साली ऑस्टिन येथे एक सायकलस्वार पाय न टेकता, जागच्या जागी किंचित पुढेमागे डुलत चौकात थांबला होता. समोरची गूगलची गाडी बिचारी निघे, थबके, पुन्हा निघे! माणूस डोळ्याला डोळा भिडवून हा पेच क्षणात सोडवतो.

त्यानंतर बरीच सुधारणा झाली, हे मान्य केलेच पाहिजे. वेमोने जानेवारी २०२५ अखेर चालकाविना झालेल्या ५ कोटी ६७ लाख मैलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार मानवी चालकांच्या तुलनेत सायकलस्वार जखमी होण्याचे अपघात ८२ टक्क्यांनी, तर पादचारी जखमी होण्याचे ९२ टक्क्यांनी कमी आढळले. एखाद्या औषधाचे असे आकडे आले असते तर आपण ते उद्याच लिहून दिले असते! मात्र औषध कंपनीने स्वतः केलेल्या चाचणीकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तीच नजर येथेही हवी. अमेरिकेत सुमारे दहा कोटी मैलांमागे सव्वा मृत्यू होतो, तेव्हा मृत्यूंविषयी ठाम बोलण्यास एवढे मैल अपुरेच. आणि ह्या चाचणीत रस्त्यावरच्या सायकलस्वाराची लेखी संमती कोणी घेतलेली नाही.

चुकाही संपलेल्या नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच एका चौकात मोठ्या ट्रकच्या आड असलेला सायकलस्वार वेमोच्या गाडीला उशिरा दिसला. तिने जोरात ब्रेक लावूनही टक्कर झालीच. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. ट्रकमागून कोणी येत असेल, हा अंदाज मात्र अनुभवी चालक बांधतो.

आमच्या प्रवासात समोरच्या पडद्यावर प्रत्येक सायकलस्वार चित्ररूपाने दिसत होता. एका वृद्धामागे गाडी बराच वेळ निमूटपणे, हॉर्न न वाजवता चालली. इंदूरच्या माणसाला ते नवलच! उतरताना मागून सायकल येत असल्याची सूचना गाडीनेच दिली. सौभाग्यवतींचा हात तोवर दारावर गेला होता.

मुलीला तिचे मत विचारले. ती म्हणाली, “बाबा, मागे ती गाडी असली की मला फारशी भीती वाटत नाही, मोबाइल पाहत चालवणाऱ्याची जास्त वाटते. पण ती बाजूला थांबली असेल, तर मी दारापासून लांबून जाते. दार उघडणारा माणूसच असतो ना!” मी हेल्मेटचा पट्टा तपासला आणि तिला जाऊ दिले.