पाहुणे येती बदलापुरा

मे महिन्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या सुट्टीत अंबरनाथ-बदलापूरच्या घरांत फोनवर एक वाक्य हमखास ऐकू येते : "आम्ही येतोय." कुवेत-दुबईहून सुट्टीवर आलेले दीर-जाऊ असतात, लग्नाच्या खरेदीसाठी चिपळूणहून निघालेली खाला असते, तपासणीसाठी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जायचे असलेले मामू असतात. काम सगळ्यांचे मुंबईत, मुक्काम मात्र आपल्याकडे. कारण डोंगरी, भायखळा, कुर्ला इथली खोली सोडून आपणच तर इतक्या लांब आलो. पूर्वी तिथे उतरणारी पाहुण्यांची गाडी आता अडुसष्ट किलोमीटर पुढे बदलापूरला येऊन थांबते, एवढाच फरक.

बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे अठ्ठ्याण्णव हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. म्हणजे दहा वर्षांत गाव जवळपास दुप्पट झाले, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती आपण रोज पाहतोच. इथला बहुतेक यजमान स्वतःच काल-परवा आलेला आहे. शेजारचे उल्हासनगर तर पूर्ण वसले तेच बाहेरून आलेल्यांवर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे गाव झाले. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प पाच असेच सांगतात. (तिथल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेले असे आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्या पाहुण्यांनाही पाठ असतो. तरी प्रत्येक पाहुणा तो नव्याने सांगतो.)

पाहुण्यांचा कार्यक्रमही ठरलेला. पहिल्या दिवशी उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये कपडे. दुसऱ्या दिवशी अंबरनाथचे शिवमंदिर, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेली शिलाहारांची ती कोरीव इमारत दाखवायची. पावसाळा असेल तर कोंडेश्वरच्या धबधब्याचा हट्ट. तिथे बंदी आहे, माणसे बुडाली आहेत, हे समजावण्यात अर्धी सकाळ. कोणाला मलंगगड चढायचा असतो. मंदिराच्या त्या दगडी हत्तींची आणि माझी आता चांगलीच ओळख झाली आहे.

हे सगळे आनंदाचेच. घरात मेहमान आला की बरकत येते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि ते खरे आहे. पण घर किती मोठे आहे? हॉल, बेडरूम, किचन. पाच माणसांच्या घरात आणखी सहा आली की गाद्या दारापर्यंत जातात. पाणी ठराविक वेळी येते, तेव्हा सगळी पिंपे भरून घ्यावी लागतात आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी आंघोळीला शिरलेले असते. घरचा कर्ता माणूस पहाटेची लोकल पकडतो, तो अकरानंतर झोपू शकत नाही. पाहुण्यांच्या गप्पा मात्र बाराला रंगात येतात. आमच्या इमारतीतली दहावीची एक मुलगी सुट्टीतले जादा वर्ग सुरू असताना पंधरा दिवस जिन्यात बसून अभ्यास करत होती. तिची अम्मी दोन वेळच्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, अकरा माणसांच्या. पाहुणे गेले त्या दिवशी ती कंबर धरून बसली ती आठवडाभर. पाहुण्यांपैकी कोणी वाईट नव्हते. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

सांगायचे कसे, हा खरा प्रश्न. मेहमाननवाजीचा विषय निघाला की आपल्या मजलिसींत अन्सारी पती-पत्नीचा प्रसंग सांगितला जातो. घरात फक्त मुलांपुरते अन्न, दारात प्रेषितांनी (स.) पाठवलेला भुकेला पाहुणा. मुलांना निजवले, दिवा मालवला, पाहुण्याला पोटभर वाढले आणि आपण जेवत असल्याचे नुसते भासवले. ऐकताना डोळे भरून येतात. पण तो पाहुणा कोण होता, हे आपण विसरतो. तो थकलेला, भुकेला, दुसरा आसरा नसलेला माणूस होता. तीन सुटकेसा घेऊन दुबईहून आलेला आपला चुलतभाऊ नव्हता.

भुकेल्याला आसरा देण्यात आपला हा पट्टा मागे राहिलेला नाही. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. चहूकडे पाणी, आत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी, त्यांत नऊ गरोदर बायका. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ आणि नौदलाच्या जवानांनी बोटींतून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले. आसपासच्या गावकऱ्यांनी चहा, पाणी, खाणे दिले. त्या वेळी कोणी कोणाचे नाव-गाव विचारले नाही आणि विचारायचेही नसते. अडलेल्या माणसाचा हक्क वेगळा. सुट्टीवर येणाऱ्या नातेवाइकाचा हक्क वेगळा, आणि त्याला शरीअतने मोजमापही दिले आहे. बुखारी आणि मुस्लिममधल्या हदीसचा आशय असा, की पाहुण्याची खास सरबराई एक दिवस-रात्र, पाहुणचार तीन दिवस, त्यापुढे जे होईल तो सदका. त्याच हदीसमध्ये पुढे पाहुण्यालाही बजावले आहे, की यजमान अडचणीत येईल इतके त्याच्याकडे राहणे योग्य नाही. हदीसचा पहिला भाग आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो. दुसरा भाग कोणी वाचून दाखवत नाही.

ही गोष्ट मला नीट समजली ती फिजीतून. माझ्या फुफूची मुलगी दुल्हाभाईंच्या नोकरीमुळे तिथे, सुवा शहरात राहते. प्रशांत महासागरातला देश, आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे. आपण इशा पढून दस्तरखानावर बसतो तेव्हा तिकडे पहाट व्हायची असते. इतक्या दूर पाहुणे कसले, असे आम्हाला वाटायचे. प्रत्यक्षात उलटे झाले. इतके महाग तिकीट काढून आलेला माणूस तीन दिवसांत परत जात नाही, दोन-तीन आठवडे राहतो. सिंगापूर किंवा सिडनीकडून विमान नांदीला उतरते, तिथून सुवा आणखी चार तास गाडीने. आलेल्याला निळा समुद्र पाहायचा असतो, आणि सुवा शहराला तसा किनाराच नाही, सदा पाऊस. म्हणजे प्रत्येक पाहुण्याला घेऊन पुन्हा बाहेर जायचे. तिचे ते दगडी हत्ती.

तो देश तिला परका वाटत नाही. १८७९ च्या मे महिन्यात 'लिओनिडास' जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये घेऊन तिथे पोहोचले; १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसे उसाच्या मळ्यांत कामाला नेली गेली, त्यांत मुसलमानही होते. १९२६ साली स्थापन झालेली फिजी मुस्लीम लीग आजही शाळा आणि मशिदी चालवते. बाजारात तोडकीमोडकी हिंदी चालते. तिथे कच्ची मासळी लिंबाच्या रसात मुरवून नारळाच्या दुधात खातात, त्याला कोकोंडा म्हणतात; आमच्या कोकणी जिभेला तो दुसऱ्याच दिवशी रुचला, असे ती सांगते.

तिला जास्त भावली ती तिथल्या गावांतली रीत. पाहुणा गावात शिरताना यांगोनाच्या मुळ्यांची जुडी बरोबर नेतो, गावच्या प्रमुखापुढे ठेवतो आणि येण्याची परवानगी मागतो. त्याला सेवुसेवु म्हणतात. त्या मुळ्यांचे पेय आपण घ्यावे की नाही हा वेगळा विषय, ती घेत नाही. पण दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकण्याआधी विचारणे हे सूरह नूरमध्ये आपल्यालाही शिकवलेले आहे. आपण फोनवर "येतोय" म्हणतो. "येऊ का?" असे किती जण विचारतात?

दोन वर्षे पाहुणे झेलल्यावर तिने एक नियम केला. तिकीट काढण्याआधीच ती फोनवर सांगते : पहिले तीन दिवस तुम्ही मेहमान, घरात कशाला हात लावायचा नाही. चौथ्या दिवसापासून तुम्ही घरचे. स्वयंपाकाची पाळी, भांडी, बाजार, सगळे वाटून घ्यायचे. कामाच्या दिवशी रात्री दहाला दिवे बंद.

फुफूला हे कळले तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. खानदानाची इज्जत घालवली, म्हणाली. नात्यातले एक गृहस्थ रुसले. त्यांनी तिकीट काढले नाही आणि ते अजून तिच्याशी बोलत नाहीत. ही किंमत थोडी नाही, आणि ती मोजावी लागणार हे तिला माहीत होते. माझे मत विचाराल तर तिने बरोबर केले. रुसणारा वर्षभर रुसेल. पण दर सुट्टीत मनात कुढत, वर हसत वाढलेल्या जेवणाने नाते जास्त तुटते.

त्या नियमाखाली राहिलेले पहिले पाहुणे म्हणजे उल्हासनगरचे तिचे जुने मित्र, कॉलेजपासूनचे सिंधी जोडपे. बारा दिवस राहिले. पापडांची मोठी पुडकी घेऊन गेले होते. विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू कागदावर लिहून द्यावी लागते, तिथे अर्धा तास गेला. मैत्रीण सोमवारी मांसाहार करत नाही, म्हणून माझ्या बहिणीने एक कढई वेगळी घेऊन ठेवली होती. तीन दिवस पुलाव, सांदण, कोलंबीचे सालन झाले. चौथ्या दिवशी सकाळी मैत्रिणीने ओटा ताब्यात घेतला आणि दाल-पकवान केले. तिच्या नवऱ्याने सगळी भांडी घासली. दुल्हाभाई आधी संकोचून मध्येच उठत होते, मग तेही पुसायला उभे राहिले. संध्याकाळी चौघे पावसात बाजाराला गेले आणि अळकुड्यांची जुडी घेऊन आले. ती मैत्रीण परत आल्यावर मला म्हणाली, पहिले तीन दिवस मजेत गेले, पण आम्ही एकमेकींशी खरे बोललो ते चौथ्या दिवसापासून, कांदा चिरताना.

आपल्याकडे हे जमेल का? एकदम नाही जमणार. सासूबाईंसमोर जावेला "भाकऱ्या तुम्ही करा" म्हणणे सोपे नाही. पण येणाऱ्याने बरेच काही करण्यासारखे आहे. दिवस आधी सांगावेत, आणि जाण्याचाही दिवस सांगावा. यजमानीण विचारू शकत नाही ती गोष्ट हीच. घरात परीक्षा आहे का, पाणी किती वाजता येते, हे विचारावे. आखातातून येणाऱ्यांनी खजूर आणि अत्तर जरूर आणावे, पण आठवडाभर राहणार असाल तर एखाद्या दिवशी कल्याणच्या दूध नाक्यावरून गोश्तही घेऊन यावे. सकाळी आठच्या लोकलने खरेदीला निघू नये. आणि घरातल्या पुरुषांनी, पाहुण्यांनी आणि यजमानांनीही, आपापली गादी स्वतः उचलावी. एवढ्याने कोणाची शान कमी झालेली मी पाहिलेली नाही.

इन्शाअल्लाह, येत्या डिसेंबरात बहीण आणि दुल्हाभाई सुट्टीवर येणार आहेत, आमच्याकडे अंबरनाथला, नऊ दिवस. तिने जाण्याची तारीख आधी कळवली, मग येण्याची. खाली लिहिले होते : चौथ्या दिवसापासून भांडी दुल्हाभाईंकडे, अम्मीला आत्ताच सांगून ठेव, म्हणजे त्या दिवशी ती घाबरणार नाही.