नाव राणीचं, किल्ली कुणाची?

इटालियन गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? लालभडक रंग, जमिनीला टेकलेलं पोट, कानठळ्या बसवणारा आवाज आणि आत काळा गॉगल लावलेला कुणीतरी धनवान. बाई असलीच तर गाडीच्या बाहेर, बॉनेटला टेकून उभी, तीही जाहिरातीत! आपला आणि या गाड्यांचा संबंध पेपरातल्या फोटोपुरता, असंच आपण धरून चालतो. पण मैत्रिणींनो, महाराष्ट्रातल्या सगळ्यांत गाजलेल्या इटालियन गाडीची गोष्ट नीट ऐकली, तर त्यात आपल्या कामाचं बरंच काही सापडतं.

सचिनची फेरारी आठवते ना? २००२ मध्ये त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, म्हणून फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. फेरारी तेव्हा फियाटच्याच घरातली. मायकेल शूमाकरच्या हस्ते इंग्लंडमध्ये ती त्याला मिळाली. भेट मिळाली, पण गाडी भारतात आणायची तर १२० टक्के आयात शुल्क. ते झालं १ कोटी १३ लाख रुपये! सरकारने ते माफ केलं, त्यावर गदारोळ उठला, दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि शेवटी २००३ मध्ये ती रक्कम फियाटनेच भरली. २०११ मध्ये सचिनने ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. म्हणजे बघा, सचिनची फेरारीसुद्धा शेवटी सेकंडहँड झालीच. मोठ्या लोकांत या शब्दाला ‘प्री-ओन्ड’ म्हणतात, एवढाच काय तो फरक.

यातून शहाणपण काय घ्यायचं? गाडी मिळणं ही एक गोष्ट आणि गाडी बाळगणं ही दुसरी. फुकट मिळालेल्या गाडीलाही कागद लागतात, पैसे लागतात. या ३६० मोडेनाचं इंजिन सीटच्या मागे असतं, त्याचा टायमिंग बेल्ट दर काही वर्षांनी बदलावाच लागतो, गाडी पळो वा नुसती झाकून ठेवलेली असो. हत्ती घेणं सोपं, पोसणं अवघड, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगीच नाही.

आता माझ्याकडे वळते. आमच्या दारातही एक इटालियन आहे. दचकू नका! देवळाली कॅम्पात राहणाऱ्या, शिवणकाम करून चार पैसे बाजूला टाकणाऱ्या बाईच्या दारात फेरारी कुठून येणार? आमची आहे ती १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी. पण कुळी अस्सल इटलीची बरं का! तूरिनच्या फियाट कंपनीने १९५३ मध्ये ‘अकराशे’ या गाडीचं नवं रूप बाजारात आणलं. त्याच गाडीचा ‘टीव्ही’ नावाचा वेगवान प्रकार मिल्ले मिल्याच्या शर्यतीत धावला. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत, म्हणजे सुमारे सोळाशे किलोमीटर, तेही चालत्या रस्त्यावरून! आपली पद्मिनी या अकराशेचीच नात. इंजिन १०८९ सीसीचं. कसारा घाटात ट्रकच्या मागे धापा टाकणारी आमची गाडी शर्यतीच्या घराण्यातली आहे, हे कळलं तेव्हा मला तिच्याबद्दल जरा आदरच वाटला.

ती कुर्ल्याला बनायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. याच वालचंदांनी आपल्या नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव उभं केलं. लहानपणी ‘पान पसंद’ची गोळी चघळली नाही अशी बाई नाशकात सापडायची नाही! तर गोळी आणि गाडी, दोन्ही एकाच माणसाच्या उद्योगातून आलेल्या. साठच्या दशकात ‘फियाट डिलाइट’ आली, पुढे ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. चितोडच्या राणीचं नाव. पैसे भरून, नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. २००० च्या सुमारास ती बनायची थांबली. मुंबईतली तिची काळी-पिवळी टॅक्सी मात्र ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती.

नाव राणीचं, पण किल्ली कुणाकडे? जवळजवळ प्रत्येक घरात किल्ली आजोबांच्या, सासऱ्यांच्या नाहीतर यजमानांच्या खिशात. बायका मागच्या सीटवर, मांडीवर डबा आणि मूल घेऊन. राणीच्या नावाच्या गाडीत राणी बसायची ती मागेच! मी शेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले ती याच रागातून. आणि २०१४ मध्ये पोस्टाची आरडी संपली, तेव्हा घरात जाहीर केलं की मी गाडी घेणार, जुनी, माझ्या पैशाने आणि माझ्या नावावर.

घरात काय काय ऐकलं ते सांगत नाही, तुम्हालाही ठाऊक आहे. ‘एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या’पासून ‘नाव कुणाचंही असलं तरी काय बिघडलं?’पर्यंत. पाटल्यांचं मी हसून सोडून दिलं. नावाचं नाही सोडलं. का, ते पुढे सांगते.

गाडी मिळाली लॅम रोडकडच्या एका वयस्क पारशी गृहस्थांकडून. आमच्या कॅम्पात सॅनेटोरियम आणि जुने बंगले बरेच, त्यांच्या पडवीत अशा गाड्या खोळ घालून झोपलेल्या असायच्या. सांगितले पंचावन्न हजार, ठरले पंचेचाळीस. ‘डिकरी, बैठेली गाडी बगडी जाय, चलाव!’ एवढंच म्हणाले ते. बसलेली गाडी बिघडते, चालव!

बघायला जाताना कॅम्पातल्याच एका जुन्या मेकॅनिक चाचांना सोबत नेलं होतं. त्यांनी शिकवलं ते तुम्हालाही सांगते, कारण गाडी कुठलीही असो, जुनी घेताना हेच उपयोगी पडतं. पहिलं म्हणजे सकाळी जायचं आणि गाडी आधी सुरू करून ठेवू नका असं बजावून जायचं. थंड इंजिन कसं उठतं त्यावर त्याची तब्येत कळते. मागून निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल खातंय, म्हणजे इंजिनचं काम निघणार. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाच्या सायीसारखं पांढरं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याचा संशय. दुसरं, पायाखालची मॅटिंग उचलायची. जुन्या पद्मिनीचा खरा वैरी इंजिन नाही, गंज! आमच्याकडे एका कोपऱ्यात पत्र्याला हात लावला तर खालची जमीन दिसली. तिसरी युक्ती तर आपल्या स्वयंपाकघरातलीच. फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दारांवर, मडगार्डवर फिरवायचं. पत्र्याला ते चिकटतं. जिथे लांबी भरून वरून रंग मारलाय, तिथे चिकटत नाही. मी चुंबक फिरवत असताना ते पारशीबाबा इतके हसले की दोन हजार आणखी कमी केले!

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचा. जुन्या गाड्या तीन-चार हातांतून फिरलेल्या असतात आणि पुस्तकावर नाव असतं पहिल्याच मालकाचं. मधल्या लोकांनी नुसत्या सहीच्या टीटी फॉर्मवर गाडी पुढे ढकललेली असते. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलायचं, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी आणायची, कर्जाचा बोजा असेल तर बँकेकडून उतरवून घ्यायचा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. विकणाऱ्यानेही ‘गेली एकदाची’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की, गाडी कितीही हातांत फिरली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, त्याच्यावरच.

आता मी नावावर का अडून बसले ते सांगते. माझ्या मामेबहिणीचे यजमान अचानक गेले. गाडी त्यांच्या नावावर. दुःखात कागद कुणाला सुचतात? विमा संपला, पासिंगची तारीख गेली, गाडी दारात दोन वर्षं उभी राहिली आणि शेवटी भंगाराच्या भावात गेली. ताईला गाडी चालवता येत होती, हे विशेष! तिला कुणी सांगितलंच नाही की मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. २०२१ पासून तर बँकेच्या खात्यासारखा गाडीलाही वारसदार म्हणून नॉमिनी नेमता येतो. आज रात्री जेवणं झाली की घरात विचारा, आपल्या गाडीला, स्कूटरला नॉमिनी आहे का? दहातल्या नऊ घरांत ‘असं काही असतं का?’ असंच उत्तर येईल, मला खात्री आहे.

असो. गाडी आली, नावावर झाली. पुढचं पोसणं? पहिल्या वर्षात बासष्ट हजार गेले, म्हणजे किमतीपेक्षा जास्त. खालचा पत्रा, ब्रेक, वायरिंग, टायर. यजमान रोज हिशेब विचारत, मी वहीच काढून ठेवली. ‘बघा, पाटल्यांची घडणावळ!’ म्हणायचे. पण दुसऱ्या वर्षी आकडा पंधरा हजारांवर आला. त्यानंतर फारसा वाढला नाही. याचं कारण ही गाडी साधी आहे. कार्ब्युरेटर, पॉइंट, कॉइल, सगळं डोळ्यांना दिसणारं. कॅम्पातल्या हिवाळ्यात सकाळी चोक ओढायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग स्टिअरिंगजवळचा गियर टाकायचा. उन्हाळ्यात घाटात बंद पडली तर पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनजवळच्या त्या छोट्या पंपावर, ओलं फडकं टाकायचं आणि चहा पिऊन यायचं. पेट्रोल वाफ होऊन अडकलेलं असतं, थंड झालं की गाडी आपोआप ताळ्यावर येते. सुटे भाग अजून मिळतात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तर हमखास. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय, त्याने जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात. त्या मी बदलून घेतल्या आणि आता दर काही महिन्यांनी वास घेऊन बघते. पेट्रोलचा वास आला की गाडी चालवायची नाही, हा नियम.

सरकारी खर्चही वाढता. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, शिवाय पर्यावरण कर. २०१८ मध्ये पासिंगची फी सहाशे रुपये होती. २०२३ मध्ये मी पाच हजार भरले. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार झालेत, म्हणजे २०२८ ला तेवढे तयार ठेवायला हवेत. आणि परदेशातून आणलेल्या जुन्या मोटारीला किती? ऐंशी हजार! आमची इटालियन कुर्ल्यात जन्मली, म्हणून वाचलो. पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीची २०२१ च्या नियमाने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते, पण मग ती रोजच्या कामाला काढता येत नाही. मला तर भगूरला भाजी आणायला आणि नाशिकरोडला कापड आणायला गाडी हवी, मिरवायला नको.

हे सगळं वाचून तुम्ही जुनी फियाट घ्याल असं मला मुळीच वाटत नाही. घेऊही नका, हौस नसेल तर. नवी छोटी गाडी जास्त सोयीची, जास्त सुरक्षित. आमच्या गाडीत ना एअरबॅग, ना एसी. पण गाडी कुठलीही घ्या, लाखाची की दहा लाखांची, दोन प्रश्न स्वतःला विचारा. तिला पोसायला दर महिन्याला किती बाजूला काढता येईल? आणि पुस्तकावर नाव कुणाचं असेल? पहिल्याचं उत्तर वहीत लिहा, दुसऱ्याचं आरटीओत.

परवाच शेजारची सून विचारत होती, ‘काकू, नाव माझं घातलं तर हे रागावतील का हो?’ मी म्हटलं, ‘अगं, रागावतील चार दिवस. आणि आरसीवर नाव राहील पंधरा वर्षं!’