छातीवरचे ओझे

कर्ण भाग्यवान खरा. अंगाबरोबरच कवच घेऊन तो जन्माला आला. ते कशाचे असावे, किती वजनाचे असावे, कोणत्या बाणाला पुरे पडेल, असले प्रश्न त्याला कधी पडले नाहीत. पुढे ते दान देऊन टाकावे लागले, ही गोष्ट वेगळी! बाकी साऱ्या माणसांना आपले कवच निवडूनच घ्यावे लागते, आणि निवड म्हटली की पंचाईत आलीच.

आमच्या घरी ही पंचाईत भाच्याच्या रूपाने आली. तो पोलिसांत आहे. त्याची नेमणूक जंगलाच्या मुलखात झाली, तेव्हा माझी धाकटी बहीण कर्जतला आली आणि पाटावर बसायच्या आतच म्हणाली, "दादा, तू जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेस ना? मग त्याला सांग, सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत जड असेल तेच अंगात घाल म्हणून!" भाच्याचे म्हणणे अगदी उलट. "मामा, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर डोंगर तुडवायचा. जडच्या जड घालून चाललो, तर मला आडवे करायला गोळी लागणारच नाही!"

मायलेकांचे दोघांचेही खरे होते. म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. ज्यांच्या घरातले कोणी पोलिसांत वा लष्करात आहे, त्यांच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

वजनाची किंमत काय असते, हे कर्जतच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. मुंबईहून मजेत धावत आलेली गाडी आमच्या स्टेशनात थांबते, तिला मागून जादा इंजिने लागतात, आणि मगच ती बोरघाटाला हात घालते. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर. सपाटीवर जे वजन कोणाच्या गावीही नव्हते, ते घाटात मोजून घेतले जाते. गाडीला जादा इंजिन लावता येते. माणसाला कोठून लावणार?

हाच धडा शेजारच्या खालापूर तालुक्यात फार जुन्या काळी गिरवला गेला. खोपोलीहून पालीच्या वाटेने गेले म्हणजे चावणी गाव लागते. तेथे अंबा नदीच्या काठी उंबरखिंडीचा विजयस्तंभ उभा आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान मोठे सैन्य आणि जड सरंजाम घेऊन घाटावरून कोकणात उतरत होता. खिंड अरुंद, झाडी दाट, पाणी दुर्मिळ. शिवाजी महाराजांची माणसे दोन्ही अंगांनी दबा धरून बसली होती. फौज पुरी आत आल्यावर तोंड आणि शेपूट दोन्ही बंद झाली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, घसा कोरडा पडला. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि खंडणी भरून वाट मागून घेतली. चिलखत भाल्याला अडवते, तहानेला अडवत नाही. त्या खिंडीत मावळ्यांचे हलकेपण हेच त्यांचे कवच ठरले.

पण यावरून कोणी म्हणेल की चिलखत नकोच, तर त्याने सव्वा वर्ष मागे जाऊन प्रतापगडाचा पायथा पाहावा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाला भेटायला जाताना महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता. तेथे डोंगर चढायचा नव्हता. वार होणार तो हातभर अंतरावरून आणि कट्यारीचा, हा अंदाज होता. खानाने वार केला तो चिलखताने झेलला. एकाच पुरुषाने एका प्रसंगी लोखंड अंगावर घेतले आणि दुसऱ्या प्रसंगी हलक्या पायांवर भिस्त ठेवली. वार कोणता येणार हे आधी ओळखायचे आणि मग अंगावर काय घ्यायचे ते ठरवायचे. कवचाचे सारे शास्त्र एवढ्यात आले.

जुन्या काळी कड्यांचे चिलखत तलवारीची धार अडवी, पण जोरकस टोक कड्यांतून आत शिरे. म्हणून त्यावर छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे बांधीत. त्याला 'चार-आईना' म्हणजे चार आरसे म्हणत. आजचे जाकीट म्हणजे या जोडीचाच नवा अवतार आहे. आत मऊ थर, वर कठीण पाटी.

मऊ थर असतो तो केव्हलारसारख्या धाग्याचा. १९६५ साली ड्यू पाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या बाईंनी तो धागा शोधला. त्याचे पदरावर पदर रचले की पिस्तुलाची गोळी त्यात अडकते, जाळ्यात चेंडू अडकावा तशी. पण एके-४७ ची गोळी सेकंदाला ७०० मीटरपेक्षा अधिक वेगाने येते आणि तिचा जोर पिस्तुलाच्या गोळीच्या सुमारे चौपट असतो. तिच्यापुढे नुसता धागा टिकत नाही. तेथे पाटीच लागते. पाट्या मुख्यतः तीन प्रकारच्या.

पहिली पोलादाची. स्वस्त, पातळ आणि टिकाऊ. आपटली तरी तिला काही होत नाही. पण हिशेब करून पाहा. २५ सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर उंच आणि ६ मिलिमीटर जाड पाटीचे वजन साडेतीन किलो भरते. पुढची आणि मागची मिळून सात किलो! शिवाय पोलादावर आपटून गोळीचे तुकडे होतात आणि ते बाजूला उडतात. वर नेमका गळा आणि हनुवटी असते. त्यासाठी पाटीवर तुकडे धरून ठेवणारा वेगळा थर द्यावा लागतो, आणि वजन आणखी वाढते.

दुसरी सिरॅमिकची, म्हणजे आपल्या कपबशीच्या दूरच्या नात्यातली. ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड, बोरॉन कार्बाइड ही तिची द्रव्ये. त्यांत बोरॉन कार्बाइड सर्वांत हलके. पोलादाच्या एकतृतीयांशाहूनही कमी. ही पाटी पोलादाहून कठीण असते. गोळीचे टोक तिच्यावर फुटते आणि मागचा धाग्यांचा थर तुकडे झेलतो. पोलादी गाभ्याच्या गोळीला खरे उत्तर हेच. पण नाते कपबशीचे! गोळी अडवताना पाटीही तेथे तडकते आणि पुन्हा त्याच जागी गोळी आली तर भरवसा नाही. हातातून पडली तर आत चीर जाऊ शकते. वरून काहीच दिसत नाही, क्ष-किरणांत मात्र दिसते.

तिसरी पॉलिथिनची. होय, ज्याच्या पिशव्या होतात त्याच कुळातले, पण अतिशय लांब साखळ्यांचे आणि धागे ओढून, रचून, दाबून घट्ट केलेले. ते पाण्याहून हलके असते, पाण्यात तरंगते. शिशाच्या गाभ्याची गोळी ते झकास पकडते. परंतु कठीण पोलादी गाभा त्यातून पार होऊ शकतो, पाटी जाड असते आणि उष्णता तिला सोसत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती टाकून ठेवणे बरे नव्हे.

आपल्याकडे या विषयात बरेच काम झाले आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०१८ साली जाकिटांसाठी आयएस १७०५१ हे मानक ठरवले आणि त्यात सहा पातळ्या केल्या. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभा कवच' तयार केले, त्यात हेच बोरॉन कार्बाइड आहे. अणुभट्टीत न्यूट्रॉन गिळणारे द्रव्य शिपायाच्या छातीवर आले! कानपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने केलेले सहाव्या पातळीचे हलके जाकीट २०२४ साली जाहीर झाले.

मानकाची एवढी निकड का, हे मुंबईकरांना सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे जाकीट चढवताना साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. करकरे यांचे जाकीट गहाळ झाल्याचे पुढे उघड झाले आणि जाकिटांच्या दर्जावर मोठे वादंग माजले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती काठी होती आणि अंगात जाकीट नव्हते. त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, म्हणून तो जिवंत हाती आला. त्यांच्यासारख्यांना निवडीचा प्रश्न पडावा, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

आणखी एक गोष्ट घरच्या मंडळींनी ध्यानात ठेवावी. गोळी अडली तरी धक्का अडत नाही. पाटीच्या मागे जाकीट आत दबते. ते किती दबले हे मातीच्या गोळ्यावर मोजतात, आणि अमेरिकेच्या मानकात त्याची मर्यादा ४४ मिलिमीटर आहे. पाटी नेमक्या जागी बसणे म्हणूनच महत्त्वाचे. तिची वरची कड गळ्याच्या खळगीपाशी यावी. सैल जाकिटात ती पोटावर घसरली, तर उत्तमातली उत्तम पाटी काळीज उघडे टाकते.

एवढे सगळे मी बहिणीला आणि भाच्याला समोरासमोर बसवून सांगितले. भाचा म्हणाला, "समोर बंदुकी रायफलीच्या आहेत, मामा. तेव्हा सिरॅमिकची पाटी पुढे आणि मागे, ती कधी उतरवायची नाही. गळ्याचे आणि मांड्यांचे जोड चालताना सोडायचे, नाक्यावर उभे असताना लावायचे. पाटी आपटू द्यायची नाही, आणि आपटली तर लपवायची नाही." मला यात एका शब्दाचीही भर घालावी लागली नाही.

बहीण मात्र गप्प होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "म्हणजे हात, पाय, डोके, मान, सगळे उघडेच की रे?" डोक्याला टोप असतो, असे मी म्हणालो. बाकीचे उघडेच असते हे खरे होते, आणि तिच्याशी खोटे बोलणे शक्य नव्हते. रामरक्षेत माथ्यापासून पायांपर्यंत एकेक अवयवाचे नाव घेऊन रक्षण मागितले आहे. एकही जागा सुटलेली नाही. पाटीची मजल छाती आणि पाठ एवढीच. तेव्हापासून बहीण रोज तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणते, आणि फोनवर भाच्याला पहिला प्रश्न विचारते तो जेवलास का हा नसून, पाटी तपासलीस का, हा असतो.