सोपाऱ्याचा बाहिय आणि ध्यानमार्गाचा वाटाड्या

ध्यान शिकावयाचें तर गुरु हवा कीं नको, आणि हवा असल्यास तो ओळखावा कसा, हा प्रश्न आज पुष्कळ घरांतून विचारला जातो. बौद्ध ध्यानाच्या बाबतींत तो अधिकच अवघड होतो. कारण या मार्गानें जाणाऱ्याला ‘मी’ नांवाची स्थिर वस्तु कोठेंच सांपडत नाहीं, असें सांगितलें आहे. मग शोधणारा कोण, आणि वाटाड्यानें न्यावयाचें तरी कोणाला? या प्रश्नावर प्रकाश पाडणारी एक जुनी कथा पालघर जिल्ह्याच्याच भूमींतली आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा एका अंगास समुद्राला व दुसऱ्या अंगास सह्याद्रीला टेकलेला आहे. जव्हार व मोखाडा हे त्याचे डोंगरी तालुके; आणि जव्हारच्या नैऋत्येस, वसई तालुक्यांत, नालासोपारा आहे. पालि ग्रंथांतील सुप्पारक बंदर तें हेंच. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे येथें मिळाले, आणि १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील स्तूपाचें उत्खनन केलें. या बंदरांत राहणाऱ्या बाहिय नांवाच्या मनुष्याची कथा ‘उदान’ या पालि ग्रंथांत आहे. तिचा पूर्वभाग अट्ठकथेंत म्हणजे टीकाग्रंथांत आलेला आहे.

बाहियाचें गलबत फुटलें आणि तो फळीच्या आधारानें सोपाऱ्याच्या किनाऱ्यास लागला. अंगावर वस्त्र उरलें नव्हतें, म्हणून त्यानें झाडाच्या सालीं गुंडाळल्या. त्याचा तो वेष पाहून लोकांना तो मोठा विरक्त पुरुष वाटला. ते त्याला भिक्षा घालूं लागले, वस्त्रें देऊं लागले. परंतु वस्त्र नेसलें तर मान जाईल, या भयानें त्यानें तीं नाकारलीं. पुढें पुढें आपण अर्हत्, म्हणजे मुक्त पुरुषच आहों, असें त्यालाही वाटूं लागलें. तेव्हां पूर्वजन्मींची आप्त असलेली एक देवता त्याच्यापुढें प्रकट झाली आणि तिनें त्याला स्पष्ट सांगितलें, “तूं अर्हत् नाहींस, त्या वाटेवरही नाहींस.” बाहियाला राग आला नाहीं. तर मग खरा अर्हत् कोठें आहे, एवढेंच त्यानें विचारलें. आणि श्रावस्तीचें नांव ऐकतांच तो चालूं लागला.

श्रावस्तींत भगवान बुद्ध भिक्षेला निघाले होते. भर रस्त्यांत बाहियानें त्यांचे पाय धरले व उपदेश मागितला. ही वेळ नव्हे, असें म्हणून बुद्धांनीं दोनदां नकार दिला. आयुष्याचा भरंवसा कोणीं द्यावा, असें म्हणून त्यानें तिसऱ्यांदा विनविलें, तेव्हां अगदीं थोडक्यांत उपदेश झाला. त्याचें तात्पर्य असें कीं, डोळ्यांना जें दिसतें त्यांत पाहणाऱ्या ‘मी’ची भर घालूं नये, ऐकलेल्या, अनुभवलेल्या व जाणलेल्या गोष्टींतही ती घालूं नये. ही भर थांबली म्हणजे ‘मी’ला उभें राहावयास जागाच उरत नाहीं. बाहियाचें चित्त तेथेंच मुक्त झालें. थोड्याच वेळांत वासरूं असलेल्या एका गाईनें त्याला मारलें. बुद्धांनीं त्याचा दहनविधि करून स्तूप बांधण्यास भिक्षूंना सांगितलें, आणि शीघ्र बोध झालेल्यांत त्याला अग्रस्थान दिलें.

हें अनात्मतत्त्व समजण्यास जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्याचा दृष्टांत उपयोगी पडेल. संबळ-सनईच्या नादांत देवदानवांचे मुखवटे घालून गांवचींच माणसें नाचतात; मुखवटा चढला म्हणजे ओळखीचा शेजारीही देव होतो. आपलें नांव, हुद्दा, मानापमान हेही असेच मुखवटे आहेत, इतकें पुष्कळांना पटतें. पण येथेंच दृष्टांत तोकडा पडतो. मुखवट्याआड खरा नाचणारा असतो. बौद्धमत म्हणतें कीं आंत पाहूं गेल्यास रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान हे पांच स्कंध तेवढे येतां-जातांना दिसतात. त्यांतील एकावरही आपली सत्ता चालत नाहीं. शरीर ‘माझें’ असतें, तर त्यानें आजारी पडूं नये ही आज्ञा त्यानें पाळली असती. गुडघा दुखूं लागला म्हणजे आधीं केवळ वेदना असते. ‘माझ्याच वांट्याला हें कां?’ ही भर मागाहून पडते. ध्यानांत ही भर पडतांना पाहावयाची असते.

वाटाड्या हवा तो नेमका येथें. अनात्मता नुसती पुस्तकांत वाचली, तर ‘मी नाहीं, मग कर्तव्य तरी कोणाचें?’ असा विपरीत अर्थ निघतो. आत्मा आहे काय, नाहीं काय, असें वच्छगोत्त परिव्राजकानें विचारलें असतां स्वतः बुद्ध मौन राहिले. कारण दोन्ही उत्तरांनीं तो गोंधळला असता. दुसरा धोका बाहियाचा. ध्यानांत चार दिवस शांति लाभली कीं ‘मला साधलें’ असें म्हणणारा नवा ‘मी’ उभा राहतो. डोळ्याला जसा स्वतःचा डोळा दिसत नाहीं, तसा हा ‘मी’ ज्याचा त्याला दिसत नाहीं; तो दुसऱ्यानेंच दाखवावा लागतो.

बौद्ध परंपरा अशा वाटाड्याला कल्याणमित्र म्हणते. पांचव्या शतकांतील आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्गां’त ध्यानाचे चाळीस विषय दिले आहेत, आणि साधकाचा स्वभाव पाहून त्यांतील योग्य तो विषय कल्याणमित्राकडून घ्यावा, असें सांगितलें आहे. वैद्य नाडी पाहून औषध देतो, तसेंच हें आहे.

अर्वाचीन काळीं असा शोध मराठी माणसानेंही केला. गोव्यांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या उपदेशाचें ज्ञान मिळविण्यासाठीं १८९९ सालीं घराबाहेर पडले. पुणें, काशी, नेपाळ असें फिरत ते सिंहलद्वीपास पोंचले व तेथें सुमंगलाचार्यांजवळ शिकले. पुढें ब्रह्मदेशासही गेले. १९२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रांत त्यांनीं ही कहाणी सांगितली आहे.

आज इतकें दूर जावें लागत नाहीं. मोखाड्याच्या आग्नेयेस, नाशिक जिल्ह्यांतील इगतपुरीस, १९७६ पासून धम्मगिरि हें विपश्यना-केंद्र चाललें आहे. त्याचे संस्थापक सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनीं ही विद्या रंगून येथें ऊ बा खिन यांजकडून घेतली. आणि हे गुरु भिक्षु नसून ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल, म्हणजे गृहस्थच होते. दहा दिवसांच्या शिबिरांत पंचशील व मौन पाळावें लागतें. आरंभीं श्वासावर लक्ष व नंतर शरीरांतील संवेदनांचें निरीक्षण, असा क्रम असतो. भोजन-निवासाचें मूल्य घेत नाहींत. पूर्वीं शिबिर पुरें केलेल्यांच्या दानावर खर्च भागतो. प्रवेशापूर्वीं शरीराच्या व मनाच्या आजाराविषयीं विचारतात, तें लपवूं नये. तीव्र मनोव्यथा असलेल्यानें आधीं वैद्याचा सल्ला घेणें हेंच शहाणपणाचें.

वाटाड्या पारखतांना चार गोष्टी पाहाव्या. त्याचें स्वतःचें शील कसें आहे? तो द्रव्य मागतो काय? अवघड प्रश्न विचारल्यास चिडतो काय? आणि शिष्याला तो आपल्या पायांशीं बांधून ठेवतो, कीं स्वतःच्या पायांवर उभा करतो? शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची. कारण आपल्या पश्चात् भिक्षूंनीं स्वतःचा व धर्माचाच आश्रय धरावा, असें बुद्धांनीं अखेरच्या दिवसांत बजावलें होतें.

शिष्याचीही कसोटी आहेच. “तूं अजून पोंचला नाहींस,” हें शब्द ऐकून घेण्याची तयारी त्याच्यापाशीं हवी. बाहियाजवळ ना वस्त्र होतें ना विद्या. ही एवढी तयारी मात्र होती, आणि तेवढ्यावर त्यानें सोपारा सोडला.